सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य कोणाचे?

(भंडारा येथील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. रोमन कॅथलिक पंथाच्या लोकांनी सरकारी धोरणाविषयी कोणती गाऱ्हाणी मांडली, कोणते अर्ज केले, कोणत्या न्यायालयात दाद मागितली, याच्याशी भंडारा जिल्ह्यातील बौद्धांना काय कर्तव्य आहे, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचे उत्तर मी आरंभीच देऊन ठेवतो. मनुष्याला आपला धर्म बदलता येतो की नाही, आणि येत असल्यास तो कोणाला विचारून, हा प्रश्न स्वतंत्र भारतात ज्या प्रांताने सरकारी चौकशीचा विषय केला, तो प्रांत आपलाच होता. त्या चौकशीला सनदशीर मार्गाने उत्तर देण्यासाठी जे पुढे आले, ते याच भागातील कॅथलिक होते. त्यांनी काय साधले आणि त्यांचे काय राहून गेले, हे आपण पाहिले पाहिजे. कारण तो प्रश्न आज पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला आहे आणि या खेपेस तो एकट्या ख्रिस्ती लोकांचा राहिलेला नाही.

प्रथम बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाविषयी केलेले परीक्षण ध्यानात घ्या. ‘दि कंडिशन ऑफ दि कन्व्हर्ट’ या त्यांच्या निबंधात, जो त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात प्रसिद्ध केला, त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले आहे. एक, धर्म बदलला तरी जात मागोमाग आली आणि चर्चमध्येही जाऊन बसली. दुसरी, या समाजात शिकलेल्या माणसांचे प्रमाण चांगले असूनही आपल्यावरील अन्याय दूर करण्यासाठी त्याने चळवळ उभी केली नाही. तो गप्प राहिला. टीका कठोर आहे, परंतु ती द्वेषातून आलेली नाही. जो समाज आपल्या हक्काविषयी बोलत नाही त्याच्या वतीने दुसरे कोणी बोलणार नाही, हा अनुभव तिच्या मागे आहे. हीच कसोटी हाती घेऊन पुढचा इतिहास तपासू.

१९५४ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर ही होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल होते. छत्तीसगडातील जशपूर, सरगुजा, रायगड वगैरे संस्थाने विलीन झाल्यावर तेथील आदिवासी मुलखात मिशनऱ्यांचे कार्य वाढले होते. शाळा, दवाखाने आणि कर्जाऊ रक्कम यांचे आमिष दाखवून लोकांना बाटवितात, अशा तक्रारी होत्या. आणि त्या तक्रारी खोट्या आहेत, उलट ख्रिस्ती लोकांनाच गावोगाव त्रास दिला जातो, अशा तक्रारी दुसऱ्या बाजूनेही होत्या. सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी एक समिती नेमली. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी लोकसभेची पोटनिवडणूक लढवीत होते आणि तीत त्यांचा पराभव झाला, हे या जिल्ह्याला सांगावयास नको.

नियोगी समितीने १४ जिल्ह्यांत दौरा केला, ७७ ठिकाणांना भेटी दिल्या, ११,३६० माणसांशी संपर्क साधला आणि ९९ प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. तिला ३८५ उत्तरे आली. त्यांतील ख्रिस्ती लोकांची केवळ ५५ होती. हा आकडा इतका लहान का, याचे उत्तर कॅथलिकांच्या पवित्र्यात आहे. आरंभी त्यांनी समितीशी सहकार्य केले. कॅथलिक रीजनल कमिटीचे अध्यक्ष जी. एक्स. फ्रान्सिस आणि नागपूर हायकोर्टातील वकील पी. लोबो यांनी समितीच्या सुरुवातीच्या दौऱ्यांत मदत केली. परंतु प्रश्नावली हाती पडल्यावर त्यांचे मत फिरले. ही चौकशी सत्य शोधण्यासाठी नसून एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी निषेधाची कैफियत दाखल केली, सहकार्य काढून घेतले आणि १९५५ साली नागपूर हायकोर्टात अर्ज केला. १२ एप्रिल १९५६ रोजी हायकोर्टाने तो फेटाळला. माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमणे हे सरकारच्या अधिकारात बसते व त्याने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र प्रश्नावलीतील काही प्रश्नांविषयी त्याने प्रतिकूल अभिप्रायही नोंदविला. त्याच एप्रिल महिन्यात समितीचा अहवाल सरकारकडे गेला. पुढे १९५७ साली मुंबईच्या कॅथलिक असोसिएशनने ॲलॉयशियस सोअरिस आदींनी लिहिलेले ‘ट्रूथ शॅल प्रिव्हेल’ हे उत्तर पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी सहकार्य, मग लेखी निषेध, मग न्यायालय, आणि न्यायालयात हरल्यावर पुस्तक. त्यांनी दगड उचलला नाही की कोणाच्या पाया पडले नाहीत. मूठभर अल्पसंख्याकांनी सरकारशी कसे बोलावे याचा हा धडा आहे. मूकपणाची जी टीका बाबासाहेबांनी केली होती, तिला या प्रांतापुरते तरी या मंडळींनी कृतीने उत्तर दिले. परंतु ते बोलले कोणाच्या वतीने? त्यांच्या बोलण्याचा भर मिशन, बिशप, शाळा आणि दवाखाना यांच्या अब्रूवर व स्वातंत्र्यावर होता. ज्या उराँव शेतकऱ्याने धर्म बदलला, त्याने तो का बदलला, हे स्वतः त्याच्या तोंडून ऐकविण्याचे काम मागे पडले. सरकार म्हणे, त्याला फसविले. मिशन म्हणे, आम्ही फसविले नाही. वाक्य कोणतेही घ्या, त्यात तो शेतकरी कर्म आहे. कर्ता दुसराच कोणीतरी आहे.

आता समितीच्या शिफारशी पाहा. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी साधन म्हणून होणारा उपयोग कायद्याने बंद करावा. सरकारच्या मंजुरीवाचून धर्मप्रचाराचे वाङ्मय वाटू देऊ नये. बेकायदा धर्मांतरास आळा घालणारा कायदा करावा. यांतील आमिषाविषयीची चिंता अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून औषधाबरोबर धर्म पाजणे हे कोणत्याही धर्माला शोभणारे नाही. परंतु धर्मप्रचाराचे पुस्तक वाटण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावयाची, ही शिफारस अमलात आली असती, तर पहिला घाव कोणावर पडला असता? हा अहवाल सादर झाल्यानंतर सहाच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपूर शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या प्रसंगी दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः डॉ. नियोगी होते.

हे सांगण्यात नियोगींची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. न्यायासनावर बसलेला, कायदा जाणणारा, वयोवृद्ध माणूस विचारपूर्वक धर्म बदलतो, ही मोठी गोष्ट आहे. माझा मुद्दा निराळा आहे. नियोगींना कोणी आमिष दाखविले काय, असे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. ते शिकलेले होते, त्यांच्या विवेकावर सर्वांचा विश्वास होता. मग जशपूरच्या उराँवाला आणि भंडाऱ्याच्या महाराला तो विश्वास का नाकारावा? धर्म बदलणाऱ्याच्या अंतःकरणात शिरून हा विवेक आणि हा लोभ, अशी वाटणी करणारा तराजू कोणत्याही सरकारपाशी नाही. असा तराजू आपल्या हाती आहे असे जेव्हा सरकार समजते, तेव्हा ते माणसाची जात आणि शिक्षण पाहून वजन करते.

ही केवळ कल्पना नाही. नियोगी अहवालाच्या वाटेने १९६८ साली मध्य प्रदेशात धर्म स्वातंत्र्य अधिनियम झाला. ओरिसाने एक वर्ष आधीच तसा कायदा केला होता. मध्य प्रदेशच्या कायद्यात बळ, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी धर्मांतर घडविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होती. पण धर्म बदलणारी व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, अथवा अनुसूचित जाती-जमातीतील असेल तर ती दोन वर्षांपर्यंत. बाळ, बाई आणि अस्पृश्य अशी एकाच ओळीत मांडणी! ज्यांना स्वतःची अक्कल नाही असे मनुस्मृती मानीत आली, त्यांनाच स्वतंत्र भारताचा कायदा पुन्हा एकत्र बसवितो, आणि त्याला संरक्षण म्हणतो. शिवाय धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटला वर्दी द्यावयाची होती.

या कायद्याविरुद्ध पुन्हा एक कॅथलिक धर्मगुरूच उभे राहिले. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचा खटला छत्तीसगडातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९७७ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. तो शब्द घटनेत राहावा म्हणून घटना समितीत जेसुईट धर्मगुरू जेरोम डिसूझा यांच्यासारख्या सभासदांनी आग्रह धरला होता. स्टॅनिस्लॉस यांची सारी भिस्त त्या शब्दावर होती. न्यायालय म्हणाले, प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे. कायदा टिकला.

या निकालावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती योग्यही आहे. परंतु त्यातून आपण एक गोष्ट उचलली पाहिजे. खटला उपदेशकाच्या हक्कावर लढविला गेला, म्हणून उत्तरही उपदेशकालाच मिळाले. धर्म बदलणारा स्वतः पुढे येऊन म्हणता की, ‘मी बदललो आहे, हा माझा विवेक आहे, तो घेऊन कलेक्टरच्या दारात उभे राहण्यास मला का सांगता? आणि माझी जात पाहून शिक्षा दुप्पट का करता?’ तर न्यायालयापुढे निराळा प्रश्न उभा राहिला असता. नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडले त्याचे सामर्थ्य यातच होते. तेथे आम्ही बाटविले गेलो नाही. आम्ही धर्म सोडला आणि धम्म घेतला. क्रियापदाचा कर्ता आम्ही होतो.

कॅथलिकांच्या चळवळीचे दुसरे अंग मला याहून मोलाचे वाटते, कारण त्यात बोलणाऱ्याचे तोंड त्या तळच्या माणसाकडे वळले आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. आपण त्याच साली धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती गमावल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु दिल्लीचे दार १९९० साली कायदा होईपर्यंत बंदच होते. चौतीस वर्षे! एका हातात बौद्ध असल्याचा अभिमान आणि दुसऱ्या हातात मुलाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत उभ्या राहिलेल्या बापांची पिढी या जिल्ह्याने पाहिली आहे.

दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांच्यासाठी मात्र ते दार उघडले नाही. मद्रासमध्ये सूसै नावाचा एक चांभार रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवीत असे. सरकारी योजनेतून त्याच कामाच्या हिंदू चांभारांना फुकट टपऱ्या मिळाल्या. त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. जातीची दैना ख्रिस्ती धर्मातही तितक्याच तीव्रतेने चालू राहते हे सिद्ध झालेले नाही, असे कारण दिले. हातातील आरी तीच, रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच; तरीही! कॅथलिक बिशपांची परिषद आणि प्रॉटेस्टंट चर्चेस आता दरसाल १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तो तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारने ती अमलात आणली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमण्यात आला.

आता अवघड गोष्ट बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात शंका आहे की, हे लोक यादीत आले तर आपला वाटा कमी होईल. ही शंका खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. एकंदर आरक्षणास पन्नास टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या निकालाने पक्की केली आहे, आणि भाकरी तेवढीच राहून पाने वाढली तर प्रत्येकाच्या वाट्याला तुकडाच येणार. पण याचे उत्तर भुकेल्याला पंगतीतून उठविणे हे नसून भाकरी वाढविण्याची मागणी करणे हे आहे. यादी वाढली तर लोकसंख्येच्या प्रमाणात टक्केवारीही वाढलीच पाहिजे, ही अट आपण उघडपणे घालावी. ती न घालता मूग गिळून बसणे, किंवा चौतीस वर्षे आपल्याला जे ऐकविले गेले तेच, म्हणजे ‘धर्म बदललात, आता जात कसली सांगता’, हे वाक्य दुसऱ्याला ऐकविणे, आपणास शोभणार नाही.

परंतु मैत्री म्हणजे भाटगिरी नव्हे. कॅथलिक चर्चलाही काही प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. तिरुचिरापल्लीच्या मेलप्पुदूर दफनभूमीत दलित कॅथलिकांच्या कबरी वेगळ्या पाडणारी भिंत उभी राहिली, ती सरकारने बांधलेली नव्हती. त्याच शहरात १९८२ साली भरलेल्या परिषदेत बिशपांनी ख्रिस्ती धर्मात जातीला स्थान नाही असे जाहीर केले. तरीही २०१६ साली दलितांच्या उन्नतीचे धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्ये भेदभाव चालतो हे त्यांना मान्य करावे लागले. भारताला पहिला दलित कार्डिनल मिळण्यास २०२२ साल उजाडले. शाळांचेही तसेच. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून सूट दिली, म्हणजे दुर्बल घटकांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. कायद्याने सूट दिली म्हणून नीतीने दिली असे होत नाही. जे सरकारपाशी दलित ख्रिस्ती मुलासाठी जागा मागतात, त्यांनी आपल्या नामांकित शाळांत दलित मुलाला, मग तो ख्रिस्ती असो वा बौद्ध, किती जागा दिल्या, याचा हिशेब दरसाल मांडावा.

सरकारी धोरणाविषयी बोलणे म्हणजे धर्मांतर आणि दाखले यांविषयीच बोलणे, असेही समजू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, मराठीचे लेखक, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले हे कॅथलिक धर्मगुरू २०२४ साली निवर्तले. त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे तेथील बागायत, विहिरींचे गोडे पाणी आणि मोकळी जमीन वाचविण्यासाठी बांधकामवाले व त्यांचे गुंड यांच्याशी झुंज घेतली. विहीर आटली तर ती सर्वांचीच आटते. म्हणून त्या लढ्यात हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. आपल्या जिल्ह्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत येते, आणि तेच पाणी प्यावयाचे असते. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. त्या धरणासाठी घरदार सोडलेल्यांच्या पुनर्वसनाची रड पुढे किती वर्षे चालली, हे मी सांगण्याची गरज नाही. अशा प्रश्नांवर विहार आणि चर्च यांनी एका अर्जावर सह्या केल्या, तर एकमेकांचा विश्वास भाषणांपेक्षा लवकर वाढेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमसर तालुक्याच्या पलीकडे बालाघाट जिल्हा आहे. मध्य प्रदेशाने २०२१ साली जुना कायदा काढून नवा केला. त्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला कळवावयाचे आहे, आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री किंवा अल्पवयीन यांच्या बाबतीत शिक्षा दहा वर्षांपर्यंत गेली आहे. गुजरात सरकारने ८ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म मानावा असे सांगितले. आपल्याला ते गोडच वाटणार. पण त्याच कागदात पुढे म्हटले आहे की, हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी जिल्हा मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागेल. एका हाताने मान दिला, दुसऱ्या हाताने दार लावून घेतले. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. असा कायदा मिशनऱ्यांसाठी आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्याने ते गुजरातचे परिपत्रक एकदा वाचून पाहावे.

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, असा कोणताही मसुदा निघाला की तो मराठीत मिळवून विहारात कलमवार वाचावा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत पाठवावी. नागपूरच्या कॅथलिकांपासून एवढे तरी शिकावे की, हरलेल्या अर्जाचाही पुरावा राहतो. दुसरी, ती हरकत उपदेशकाच्या नावाने न करता धर्म बदलणाऱ्याच्या नावाने करावी, आणि तिच्यावर त्याचीच सही किंवा अंगठा असावा. तिसरी, त्या हरकतीत ‘बौद्धांना वगळा’ असे शब्द चुकूनही येऊ देऊ नयेत. आम्हाला वगळा आणि बाकीच्यांना धरा, असे म्हणताच आपण हक्क सोडून मेहेरबानी मागू लागतो. आणि मेहेरबानी दिली कोणी, तर काढूनही तोच घेतो. बालाघाटचा गोंड ख्रिस्ती होवो, सरगुजाचा उराँव पुन्हा आपल्या सरनेकडे जावो, की गुजरातचा वाल्मीकी बुद्धाला शरण जावो, त्याला कलेक्टरच्या परवानगीवाचून तसे करता आले पाहिजे, अशी मागणी असेल तरच ती आपलीही मागणी आहे.